डिझेलचा भाव आणि आपला एक टन ऊस



गेल्या हंगामाची अखेरची बिले निघाली त्या आठवड्यातील गोष्ट. नदीपलीकडच्या एका गटात खोडव्याची पाहणी करून आम्ही गट कार्यालयात टेकलो होतो. चहा सांगितला होता. इतक्यात एक जुने सभासद उसाच्या बिलाची चिठ्ठी हातात धरून आले. वय सत्तरीच्या पुढे. सारा गाव त्यांना आबा म्हणतो, म्हणून आम्हीही आबाच म्हणतो. धोतराच्या सोग्याने चष्मा पुसून त्यांनी तोडणी-वाहतूक कपातीच्या आकड्यावर बोट ठेवले आणि म्हणाले,

"सायेब, पोरगं म्हणतंय मोबाईलवर आलंय, अरबाकडचं तेल उतारलं म्हणून. मग पंपावर का उतरंना? आन् दुसरं. इथेनॉल म्हणं आमच्याच उसाचं. त्ये जातंय मोटारवाल्याच्या गाडीत. आमच्या ट्रॅक्टरला का न्हाई?"

आम्ही नेहमीचे उत्तर दिले. "आबा, ते सगळं दिल्लीत ठरतं. आपल्या हातात काय आहे?" आबा काही बोलले नाहीत. चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली आणि निघून गेले.

परतीच्या वाटेवर मोटारसायकलमध्ये दोनशे रुपयांचे पेट्रोल घालताना आमचे उत्तर आम्हालाच पटेना. शेतकी पदविका घेऊन वीस-बावीस वर्षे आपल्या उसात हिंडतो आहोत. कुठल्या जातीला नत्र किती, कुठल्या जमिनीत सरी किती फुटांची, हे झोपेतही सांगू. पण जे तेल टनामागे आपणा सर्वांच्या खिशातून जाते त्याचा हिशेब आम्ही कधी मांडला नव्हता. तो येथे मांडत आहोत. आबांचे दोन प्रश्न आधी घेऊ. त्यांनी न विचारलेला एक तिसरा प्रश्न आहे, तो शेवटी.

पिंप उतरले तरी पंप का उतरत नाही?

कच्चे तेल जगाच्या बाजारात पिंपाने विकले जाते. एक पिंप म्हणजे १५९ लिटर, आणि भाव डॉलरमध्ये. हिशेबाला सोपे जावे म्हणून पिंप ७० डॉलरला आणि डॉलर ८५ रुपयांना धरू. एका पिंपाचे झाले ५,९५० रुपये. त्याला १५९ ने भागले की लिटरला ३७ रुपये आणि वर थोडे पैसे येतात. हे झाले जमिनीतून निघालेले काळे तेल. ते आहे तसे ट्रॅक्टरमध्ये घालता येत नाही. त्यावर जहाजाचे भाडे व विमा, शुद्धीकरण कारखान्याचा खर्च व नफा, तेथून आपल्या तालुक्यापर्यंतची वाहतूक, केंद्र सरकारचे उत्पादन शुल्क, पंपवाल्याचे कमिशन आणि सरतेशेवटी राज्याचा व्हॅट, एवढे सगळे चढते. पंपावर डिझेल ९० रुपये असेल तर त्यातले कच्चे तेल निम्म्याहून कमी.

आता बघा. पिंप दहा टक्क्यांनी उतरले अशी बातमी आली, तर आपल्याला वाटते डिझेल नऊ रुपयांनी उतरावे. पण उतरलेले असतात फक्त त्या ३७ रुपयांतले दहा टक्के, म्हणजे पावणेचार रुपये. तेवढ्यात डॉलर महाग झाला की तेही गेले. ही झाली सरळ गणिताची बाजू.

दुसरी बाजू कराची आहे, ती लपविण्यात अर्थ नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीमुळे साऱ्या जगात गाड्या उभ्या राहिल्या. तेल ठेवायला टाक्या पुरेनात. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेच्या बाजारात वायद्याचा भाव चक्क शून्याच्या खाली गेला. म्हणजे विकणाराच म्हणत होता की पैसे घ्या, पण तेल उचला! आपल्याकडे त्या वेळी काय झाले? मार्चमध्ये डिझेलवरील केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरला ३ रुपयांनी आणि मे महिन्यात आणखी १३ रुपयांनी वाढले. ते ३१ रुपये ८३ पैशांवर गेले. तेल स्वस्त झाल्याचा फायदा करात जिरला. टाळेबंदीत सरकारचे उत्पन्न थांबले होते आणि खर्च वाढला होता, हेही खरे. पुढे तेल महागल्यावर नोव्हेंबर २०२१ मध्ये १० रुपये आणि मे २०२२ मध्ये ६ रुपये कमी केले. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा २ रुपये वाढविले, पण तेव्हा तेल उतरलेले असल्याने पंपावरचा भाव हलला नाही. आबांच्या मुलाने मोबाईलवर वाचले ते खोटे नव्हते. तेल उतरले की कधी सरकार कर वाढवून घेते, कधी तेल कंपन्या मागचा तोटा भरून काढतात, आणि आपल्या हाती उरले तर चिल्लर.

पूर्वी भाव सरकारच ठरवी. २००२ पर्यंत त्यासाठी एक सामाईक खाते होते. त्यानंतर नावाला खाते बंद झाले, तरी भाव धरून ठेवणे चालूच राहिले. पेट्रोल जून २०१० मध्ये मोकळे झाले. डिझेल जानेवारी २०१३ पासून महिन्याला पन्नास-पन्नास पैशांनी वर सरकत गेले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये मोकळे झाले. जून २०१७ पासून रोज सकाळी नवा भाव लागू लागला. पण मोकळे म्हणजे किती मोकळे? २०२२ साली रशिया-युक्रेन युद्ध पेटले, मार्चमध्ये पिंप १३० डॉलरच्या वर जाऊन आले आणि त्यानंतर महिनोन्महिने पंपावरचा भाव जागचा हलला नाही. तेल कंपन्यांनी आधी तोटा सोसला व नंतर तेल उतरल्यावर तो वसूल केला. दोरी लांब सोडली आहे, खुंटा अजून तिथेच आहे.

तेल येते कोठून?

आमचे वडील सांगत, १९७४ साली आमच्या विहिरीवर ऑईल इंजिन होते. मोट जाऊन इंजिन आले होते, आणि मोटेपेक्षा दुप्पट ऊस भिजतो याचा केवढा अभिमान! त्या वर्षी डिझेलच्या डब्यासाठी तालुक्याच्या पंपावर आदल्या रात्री जाऊन झोपावे लागे. डबा आणला की तो धान्याच्या कणगीशेजारी, कुलपाआड. आजीला वास सहन होत नसे. ती म्हणे, "ज्वारीला राकेलाचा वास, आन् राकेलाला सोन्याचा भाव."

झाले असे होते की ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध भडकले. अरब तेल उत्पादक देशांनी इस्रायलच्या पाठीराख्यांना तेल बंद केले, उत्पादन घटविले आणि किंमत चढविली. तीन डॉलरच्या आसपास असलेले पिंप काही महिन्यांत अकरा-बारा डॉलरवर गेले. चौपट! युद्ध कुणाचे, आणि कणगीशेजारी कुलूप कुणाच्या घरात.

त्याच सुमारास आपल्याकडे एक चांगली गोष्ट घडली. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या समुद्रात विंधन करणाऱ्या जहाजाला मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल लागले. त्याला बॉम्बे हाय नाव पडले. मे १९७६ पासून तेथून तेल येऊ लागले. आसामात दिग्बोईला १८८९ पासून तेल निघत होते, १९०१ मध्ये तेथे शुद्धीकरण कारखानाही झाला होता, पण देशाला आधार वाटावा असे तेल मुंबईच्या समुद्राने दिले. त्याच काळात एस्सो, बर्मा-शेल, कॅलटेक्स या परदेशी कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या. आज आपण ज्या हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियमच्या पंपांवर जातो त्या त्यांतूनच आलेल्या. बॉम्बे हायच्या समुद्रातील वायूही वाया गेला नाही. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात त्याचा युरिया होऊ लागला. युरियाचे पोते आपण बांधावर फोडतो तेव्हा तेलाच्याच भावंडाची पिशवी फोडत असतो, एवढे लक्षात ठेवावे. पोत्यावरचा भाव स्थिर दिसतो तो अनुदानामुळे.

पण देशाची भूक वाढत गेली आणि विहिरी जुन्या झाल्या. आज आपल्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. त्यामुळे १९७९ साली इराणात क्रांती झाली तेव्हा, १९९० साली इराकने कुवेत गिळला तेव्हा, प्रत्येक वेळी फटका आपल्या बांधापर्यंत आला. १९९० चे आम्हाला स्वतःला आठवते, आम्ही शाळेत होतो. त्यानंतरच्या वर्षी देशाला परकी चलनासाठी सोने गहाण ठेवावे लागले. तेलाचे बिल हे त्यामागचे एक मोठे कारण होते. २०२२ नंतर आपण रशियाचे तेल सवलतीने मोठ्या प्रमाणावर घेतले. आधी ते आपल्या आयातीत दोन टक्केही नव्हते, ते एक तृतीयांशावर गेले. त्याने देशाला थोडा श्वास मिळाला. पण माल दुसऱ्याच्या दारातला तो दुसऱ्याच्या दारातलाच.

ट्रॅक्टरला इथेनॉल का नाही?

आबांचा हा प्रश्न आम्हाला जास्त बोचला, कारण यात आपला ऊस आहे.

सरळ उत्तर असे: इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळते, डिझेलमध्ये नीट मिसळत नाही. थोडे पाणी लागले की वेगळे होऊन बसते. शिवाय डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेत इंधनाने आपणहून पेट घ्यायचा असतो आणि इथेनॉल तसा पेट घ्यायला फार आळशी आहे. म्हणून आबांनी ट्रॅक्टरच्या टाकीत इथेनॉल ओतले तर इंजिन आणि आबा दोघेही रागावतील. डिझेलमध्ये आयसोब्युटॅनॉल नावाचे दुसरे अल्कोहोल मिसळण्याचे प्रयोग सुरू असल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले आहे. प्रेसमडपासून वायू करून तो गाडीत भरण्याची व्यवस्थाही काही ठिकाणी झाली आहे. ते आपल्या शिवारात कधी येईल त्यावर आज बोलत नाही.

म्हणजे वस्तुस्थिती अशी, की आपण विकतो पेट्रोलच्या बाजूला आणि विकत घेतो डिझेलच्या बाजूला.

तरी इथेनॉलने आपले काही झाले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. २००१ साली मिरज आणि मनमाड येथे, आपल्याच महाराष्ट्रात, पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रायोगिक काम झाले. तिसरे ठिकाण उत्तर प्रदेशात होते. २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले, ते अनेक वर्षे रडतखडत चालले. २०१८ च्या धोरणाने उसाचा रस व बी-हेवी मळी यांपासून इथेनॉल करायला वाट मोकळी झाली आणि मग वेग आला. २०२२ मध्ये दहा टक्के, २०२५ मध्ये वीस टक्के मिश्रण गाठले. साखर गोदामात पडून राहते, व्याज चढते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून आठवड्यांत येतात. उसाचे पैसे चौदा दिवसांत देण्याचा जो नियम १९६६ च्या आदेशात आहे, तो पाळायला कारखान्यांना इथेनॉलने हात दिला, हे आमच्या लेखा विभागातील मित्रही मान्य करतील.

एका टनाचे गणित ढोबळ असे. टनभर उसाचा सगळा रस इथेनॉलला लावला तर सुमारे ७० लिटर मिळते आणि साखर मिळत नाही. साखर काढून उरलेल्या सी-हेवी मळीपासून केले तर सुमारे १० लिटर मिळते, आणि साखर हाती राहते. २०२२-२३ मध्ये रसाच्या इथेनॉलचा भाव लिटरला ६५ रुपये ६१ पैसे ठरला. २०२४-२५ मध्येही तो तेवढाच होता. याच काळात उसाची एफआरपी टनाला ३,०५० रुपयांवरून ३,४०० रुपये झाली. उसाचा भाव वाढावा हे आम्ही म्हणणारच, आमचे घरही उसावरच आहे. पण एक टोक वर आणि दुसरे जागच्या जागी, असे फार वर्षे चालत नाही, हे सभासदांनीही ध्यानात घेतले पाहिजे.

आणि इथेनॉलच्या भरवशावर किती बसावे? येथे ब्राझीलची हकिकत सांगावीशी वाटते. जगातील सर्वांत मोठा ऊस उत्पादक देश. १९७३ च्या तेलधक्क्यात ते आपल्याइतकेच पोळले, कारण त्यांचेही सुमारे ८० टक्के तेल बाहेरून येत होते. त्यांनी नोव्हेंबर १९७५ मध्ये उसापासून इंधन करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. आधी पेट्रोलमध्ये मिश्रण, आणि १९७९ पासून निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या मोटारी. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी दहातल्या नऊ अल्कोहोलच्या होत्या! ऊसवाल्यांना वाटले, आता कायमचे भागले.

मग १९८६ मध्ये जगात कच्चे तेल कोसळले. सरकारला अल्कोहोलचा भार जड वाटू लागला. दशक संपता संपता साखरेचा भाव चढला, तशी कारखान्यांनी साखर करायला घेतली. १९८९-९० मध्ये अल्कोहोलची टंचाई झाली आणि पंपांवर रांगा लागल्या. मोटारवाल्यांचा विश्वास असा उडाला की काही वर्षांत अल्कोहोलची नवी मोटार कोणी घेईना. तो विश्वास परत यायला २००३ साल उजाडले. पेट्रोल आणि अल्कोहोल कोणत्याही प्रमाणात चालेल अशी मोटार निघाली तेव्हा. आता तेथे ग्राहक पंपावर दोन्ही भाव बघतो आणि स्वस्त पडेल ते भरतो.

आपल्याकडे त्याचीच एक झलक डिसेंबर २०२३ मध्ये दिसली. पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीती वाटली आणि केंद्राने ७ डिसेंबर रोजी रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. हंगाम ऐन भरात होता. कर्ज काढून उभारलेले प्रकल्प पाहत बसले. पुढील वर्षासाठी निर्बंध उठले, पण दरम्यान मका पुढे गेला. आज मिश्रणातील इथेनॉलमध्ये धान्याचा वाटा उसापेक्षा मोठा झाला आहे. इथेनॉल चांगलेच आहे. पण त्याची किल्ली पुन्हा आपल्या खिशात नाही.

तिसरा प्रश्न

आता आबांनी न विचारलेला प्रश्न. एक टन ऊस वाढवून गव्हाणीत टाकेपर्यंत किती लिटर डिझेल जळते?

आपला कारखाना स्वतः चालायला तेल जवळजवळ मागत नाही. टनभर उसातून २८० किलोच्या आसपास बगॅस निघतो, तोच बॉयलरला पुरतो. ऊस स्वतःचे सरपण स्वतः घेऊन येतो. पण येतो तो मात्र आखाती तेलावर बसून.

वाहतुकीचे बघू. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या, मिळून १८ टन ऊस. भरलेला ट्रॅक्टर लिटरला तीन किलोमीटर आणि रिकामा पाच किलोमीटर जातो असे धरू. आमच्या गटातील चालक मालकांनीही साधारण हाच आकडा दिला. फड कारखान्यापासून १० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन साधारण साडेपाच लिटर लागते, टनाला ०.३ लिटर. ९० रुपये भावाने २७ रुपये. फड ५० किलोमीटरवर असेल तर खेपेला २६-२७ लिटर, टनाला जवळपास दीड लिटर, म्हणजे १३३ रुपये. हा नुसत्या डिझेलचा फरक आहे. टायर, चालक, वेळ वेगळे. यार्डात नंबर लागेपर्यंत इंजिन चालू ठेवून उभे राहणारे बहाद्दर आणखी वेगळे. डिझेल १० रुपयांनी वाढले तर जवळच्याला टनामागे ३ रुपयांचा आणि लांबच्याला १५ रुपयांचा चिमटा बसायला हवा. पण आपल्याकडे वाहतुकीची कपात सरासरीने होते, त्यामुळे चिमटा सर्वांना सारखाच बसतो.

झोनबंदी उठल्यापासून आम्ही एक दृश्य दर हंगामात पाहतो. आपल्या हद्दीतील ऊस भरून ट्रॅक्टर साठ किलोमीटरवरच्या दुसऱ्या कारखान्याकडे निघालेला असतो आणि त्याच रस्त्यावर त्या बाजूचा ऊस आपल्याकडे येत असतो. दोघे चालक एकमेकांना हात करतात. उसाची जात तीच, उतारा तोच, फक्त दोन टाक्या डिझेल रस्त्यावर सांडले. यात दोष केवळ कारखान्यांचा नाही. टनाला पन्नास रुपये जास्त मिळतात म्हणून नोंद एकीकडे आणि ऊस दुसरीकडे देणारे सभासद आपल्यातच आहेत. नावे घेत नाही, त्यांना ठाऊक आहे. आणि तोडणीचा कार्यक्रम सोडून वशिल्याने आधी तोड देणाऱ्या आमच्या खात्यातील माणसांनाही ठाऊक आहे. टोळी एका गावातून दुसऱ्या गावात उगाच हलली की तिचा ट्रॅक्टरही हलतो. आपल्यासारख्या कारखान्याचे गाळप पाच लाख टन धरले आणि टनामागे नुसते अर्धा लिटर वाचले, तरी अडीच लाख लिटर होते. ९० रुपयांनी सव्वादोन कोटी.

मशागतीतही तसेच. पलटी नांगराला एकरी नऊ-दहा लिटर, रोटाव्हेटरला सहा, सरी सोडायला चार. दोनदा नांगरले तर लागणीपर्यंतच तीस लिटर जाते. एकरी ३५ टन ऊस निघाला तर टनाला ०.८६ लिटर पडले, ७० टन निघाला तर ०.४३. डिझेल तेवढेच, ऊस दुप्पट. एकरी उतारा वाढविणे हीच डिझेलची सर्वांत मोठी बचत आहे, आणि ती आमच्या खात्याच्या कामातली आहे.

येथे एक कबुली देतो. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही सरसकट सर्वांना उभी-आडवी दोन वेळा खोल नांगरट सांगत असू. पुस्तकात तसे होते. माळाच्या हलक्या जमिनीतही तेच सांगितले. एका सभासदाने उसनवारी करून दुसरी नांगरट केली, खालचा मुरूम वर आला आणि त्या वर्षी त्याचा ऊस कमरेएवढाच राहिला. तो आम्हाला काही बोलला नाही. आम्ही मात्र त्याच्या बांधावरून जाताना अजून मान खाली घालतो. नांगराची गरज जमीन पाहून ठरवावी, शेजाऱ्याचा नांगर आला म्हणून नव्हे.

खोडव्याला तर नांगरच नको. पाचट न जाळता सरीत कुट्टी करून ठेवले, बुडखे जमिनीलगत छाटले आणि पहारीने खत दिले, तर एकरी पाच-सहा लिटरवर काम भागते. ओल टिकते, म्हणून पाण्याच्या पाळ्याही कमी होतात. विजेची मोटार असली तरी भारनियमनात ज्यांना अजून डिझेल इंजिन जोडावे लागते, त्यांना हे सांगायला नको. पाच अश्वशक्तीचे इंजिन तासाला लिटरभर पिते. खोडवा म्हणजे सावत्र पोर, असे समजून त्याकडे पाठ फिरविणाऱ्यांनी एकदा हा हिशेब स्वतःच्या वहीत मांडून बघावा.

या लागण हंगामापासून प्रत्येक गट कार्यालयात डिझेलची एक वही ठेवली आहे. मशागतीला लागलेले लिटर, फडापासून काट्यापर्यंतचे किलोमीटर आणि यार्डात गेलेले तास, एवढेच लिहायचे आहे. चालकाला विचारून लिहिले तरी चालेल.

हा मजकूर छापायला देण्यापूर्वी आम्ही आबांच्या वस्तीवर जाऊन तो वाचून दाखविला. पेट्रोलचे, ब्राझीलचे त्यांनी ऐकून घेतले. वाहतुकीच्या आकड्यांवर मात्र थांबविले.

"पुन्हा वाचा सायेब. माझा फड आठ किलोमीटर. म्हंजी माझं तेल सत्तावीस रुपयाच्या बी आत?"

"हो."

"आन् कापत्यात सगळ्यास्नी सारखं."

"हो आबा. पण लांबचे सभासद झाले तेव्हा कारखान्याला ऊस कमी पडत होता. त्यांनी शेअर घेतले म्हणून गाळप पुरे झाले. त्यांचीही बाजू आहे."

आबांनी थोडा विचार केला. "आसंल. मग दोघांनी बसून बोलाय पायजे. तुम्ही सभेत मांडा की."

"सभेत बोलायचा हक्क सभासदाचा, आबा. आम्ही नोकर माणसं."

"बरं. मी बोलतो. आकडं तेवढं मोठ्या अक्षरात लिवून द्या."

त्यांच्या बिलाच्या चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूवर आम्ही ते लिहून दिले. १० किलोमीटरला टनामागे २७ रुपये, ५० किलोमीटरला १३३ रुपये, डिझेल ९० धरून. भाव बदलला तर आकडा कसा बदलायचा तेही खाली लिहिले.